लाल तोंडाचे माकड आणि लव्हाळा: कोकणातील दोन चिवट उपद्रवांची तुलना

कोकणातल्या कोणत्याही शेतकरी मेळाव्यात "सर्वांत जास्त त्रास कशाचा?" असे विचारून पाहा. बागायतदार माकडांचे नाव घेईल आणि भाजीपाला किंवा हळद करणारा लव्हाळ्याचे. एक सस्तन प्राणी, दुसरी जमिनीला चिकटलेली तणवर्गीय वनस्पती. दोघांची तुलना कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. पण शेतात दोघांशी लढताना होणारी चूक एकच आहे: जे डोळ्यांना दिसते त्यालाच आपण मारतो, हाकलतो, उपटतो, आणि उपद्रवाचे मूळ तसेच राहते. शिवाय माकडांना कंटाळून पीक बदलले की लव्हाळ्याला मोकळे रान मिळते, हा अनुभव अनेक गावांत येतो. म्हणून या लेखात दोघांचा विचार एकत्र केला आहे.

आधी ओळख पक्की करा

दक्षिण भारतात आणि कोकणात आढळणारे लाल तोंडाचे माकड म्हणजे बॉनेट मकाक, शास्त्रीय नाव मकाका रेडिएटा. डोक्यावर मधोमध भांग पाडून टोपी घातल्यासारखे केस आणि शरीराहून लांब शेपटी, या दोन खुणांवरून ते ओळखता येते. ही जात भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. तापी आणि गोदावरी या नद्या तिच्या प्रदेशाची उत्तर सीमा मानल्या जात. त्यापलीकडे ऱ्हीसस मकाक हे आखूड शेपटीचे, मागचा भाग लालसर असलेले माकड आढळते. अलीकडे ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत आहे. विदर्भातील वाचकांनी आपल्याकडे नेमके कोणते माकड आहे हे पाहून घ्यावे, कारण दोघांना लागू होणारा कायदा वेगळा आहे.

काळ्या तोंडाचे, करड्या अंगाचे वानर हा तिसरा प्राणी. वानराचे पोट पाने पचवण्यासाठी बनलेले असते. ते पालवी, मोहोर, कळ्या आणि शेंगा खाते. लाल तोंडाच्या माकडाच्या गालात पिशव्या असतात. ते दोन मिनिटांत शेंगदाणे किंवा फळांचे तुकडे गालात कोंबते आणि झाडावर जाऊन सावकाश खाते. त्यामुळे तुम्ही धावत पोहोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. पंचनाम्यात "माकड-वानर" असे मोघम न लिहिता कोणी काय खाल्ले ते लिहावे.

लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटंडस. यालाच मोथा किंवा नागरमोथा म्हणतात. दिवाळीच्या उटण्यात जो नागरमोथा पडतो, तो याच कुळातल्या वनस्पतींचा सुगंधी कंद. दिसायला गवतासारखा असला तरी लव्हाळा गवत नाही. फुलोऱ्याचा दांडा बोटांत धरून फिरवा: तो गोल नसून तीन कडांचा लागतो, आणि पाने तीन ओळींत फुटलेली दिसतात. फुलोरा तांबूस-जांभळट असतो. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण गवतावर चालणारी बरीच तणनाशके लव्हाळ्यावर चालत नाहीत.

भाताच्या खाचरात दिसणारे प्रत्येक तीन कडांचे तण मात्र हा लव्हाळा नसतो. तेथे त्याच कुळातील वर्षायू जाती बियांपासून उगवतात आणि बेणणीत सहज निघतात. शंका आली तर कुदळीने एक रोप मातीसह काढा. मुळांना काळपट कंद माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडलेले असतील, तर तो खरा लव्हाळा. कंद सुटे, गोल आणि मुळांच्या टोकाला एकेकटे असतील व फुलोरा पिवळसर असेल, तर ती त्याची पिवळी भावकी, सायपेरस एस्क्युलेन्टस.

खरे बळ कुठे आहे?

लव्हाळ्याचे बळ जमिनीखाली असते. बियांपासून तो क्वचितच वाढतो. पसारा सगळा कंदांवर चालतो. बहुतेक कंद वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीत असतात, काही त्याहून खोल. एका माळेतला टोकाकडचा कंद फुटतो आणि मागचे कंद झोपलेले राहतात. खुरप्याने किंवा रोटाव्हेटरने माळ तुटली की झोपलेला प्रत्येक कंद स्वतंत्र होतो व फुटतो. म्हणूनच "काल खुरपले, आठ दिवसांत दुप्पट आले" ही तक्रार खोटी नसते. शिवाय एका कंदावर अनेक डोळे असतात. एक कोंब तोडला की दुसरा डोळा जागा होतो.

तरीही कंदातला साठा अमर्याद नाही. प्रत्येक नवा कोंब त्याच साठ्यावर वर येतो. कोंब वर आल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत नवे कंद धरू लागतात. त्याआधी, म्हणजे दर दोन ते तीन आठवड्यांनी वरचा भाग काढत राहिलात, तर साठा फक्त खर्च होतो, जमा होत नाही. महिन्या-दीड महिन्याने एकदा केलेली बेणणी लव्हाळ्याच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असते.

माकडाचे बळ कळपात आणि त्याच्या आठवणीत असते. या जातीत माद्या जन्मल्या त्याच कळपात आयुष्यभर राहतात. नर वयात आले की बहुधा दुसऱ्या कळपात जातात. त्यामुळे कोणत्या वाडीत फणस कधी पिकतो, कोणत्या घरी दुपारी माणूस नसतो, कोणता कुत्रा नुसताच भुंकतो, ही माहिती कळपातल्या जुन्या माद्यांकडे टिकून राहते आणि पिल्ले त्यांच्या मागे फिरत ती शिकतात. मादीला सुमारे साडेपाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर बहुधा एकच पिल्लू होते. म्हणजे लव्हाळ्याच्या मानाने वाढ फार संथ आहे. असे असूनही उपद्रव वाढलेला दिसतो, कारण घाटात पर्यटक खाऊ घालतात, देवळाजवळ नारळ-केळी मिळतात, कचऱ्यात उरलेले अन्न मिळते आणि पडीक जमिनीवरच्या रानात कळपाला शेताच्या अगदी लगत थारा मिळतो.

नुकसानीची तुलना

लव्हाळा पिकाचे खत, पाणी आणि सुरुवातीच्या दिवसांतला प्रकाश चोरतो. नुकसान हळूहळू होते आणि डोळ्यांना उशिरा दिसते. त्याचा टोकदार कोंब आल्याच्या, हळदीच्या गड्ड्यांत आणि सुरणाच्या कंदात घुसून मालाची प्रतही घालवतो. कलिंगडासाठी अंथरलेला 25-30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर तो सुईसारखा भोसकून वर येतो. इतर तणांसाठी हा पेपर उत्तम असला तरी लव्हाळ्याच्या शेतात त्याच्या भरवशावर राहू नका.

माकडाचे नुकसान एका सकाळीत होते. शहाळी, कोवळे नारळ, केळी, आंबा, काजू बोंडू, भुईमूग, वाल, चवळी, भाजीपाला यांतले फारसे काही सुटत नाही. जेवढे खाते त्याहून जास्त चावून, तोडून टाकते. पण आमच्या मते माकडाचे सर्वांत मोठे नुकसान पंचनाम्यात कधी येतच नाही: ते म्हणजे पेरणीच न होणे. भात कापल्यावर ज्या खाचरांत कुळीथ, वाल, चवळी व्हायची, ती राखणीला माणूस नाही म्हणून मोकळी राहतात.

येथेच दोन्ही उपद्रव एकमेकांना मिळतात. लव्हाळ्याला ऊन लागते. दाट सावलीत तो खुरटतो आणि कंदही कमी धरतो. वाल-चवळीचे दाट पीक उभे असेल तर तो दबतो. तीच जमीन उघडी राहिली आणि अंगची ओल असेल, तर भाताच्या पाण्यात दबलेला लव्हाळा रब्बीत निवांत फुटतो. दोन-तीन वर्षे असे गेले की पुढे पीक घ्यायचे ठरवले तरी बेणणीचा खर्च परवडत नाही.

पीक बदलताना होणारी फसगत

माकडांना कंटाळून अनेक जण हळद, आले, सुरण, काळी मिरी यांकडे वळतात. निर्णय चुकीचा नाही. हळद-आल्याला उग्र वास असतो, सुरण घशाला खाजतो. माकडे या पिकांना सहसा फार त्रास देत नाहीत, फक्त सवयीने चारदोन रोपे उपटून पाहतात. मात्र हळद आणि आले लावल्यापासून जमीन झाकायला दोन ते तीन महिने घेतात. नेमके तेच पावसाळ्याचे महिने लव्हाळ्याच्या जोमाचे. भाजीपाल्याच्या लव्हाळाग्रस्त वाफ्यात थेट हळद लावली, तर माकडांपासून वाचवलेले पैसे मजुरीत जातात.

म्हणून हळदीची जमीन आदल्या उन्हाळ्यातच निवडा. ज्या तुकड्यात लव्हाळा आहे तेथे पहिल्या वर्षी हळद लावू नका. तेथे मृगाच्या पावसावर ताग किंवा धैंचा दाट पेरा, बियाणे नेहमीपेक्षा थोडे जास्त घ्या आणि फुलोऱ्याच्या सुरुवातीला, साधारण 45 दिवसांनी गाडा. शेंगा धरायच्या आतच पीक जमिनीत जाते, त्यामुळे माकडांना खाण्यासारखे त्यात काही नसते आणि लव्हाळा मात्र सावलीत दबतो. चवळी दाबण्याच्या कामी याहून चांगली, पण माकडांच्या वाटेवर तिची राखण कोण करणार, याचे उत्तर आधी असायला हवे.

हळद लावल्यावर भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा जाड थरात अंथरा. त्याने लव्हाळा मरत नाही, पण कोंबाला उजेडापर्यंत यायला जास्त साठा खर्चावा लागतो आणि माती भुसभुशीत राहिल्याने उपटताना कंदही हाताला येतात.

लव्हाळ्याचे नियोजन

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतले ऊन. जमीन पूर्ण सुकल्यावर खोल नांगरट करा, ढेकळे तशीच राहू द्या. कंद वर येऊन कडक उन्हात दोन आठवडे वाळला की मरतो. पंधरा दिवसांनी कुळव आडवा घालून खालचे कंद वर आणा. अवकाळी पाऊस झाला तर पुन्हा फिरवावे लागेल. वेचलेले कंद बांधावर टाकू नका. ते ओल लागताच फुटतात. नीट वाळवून जाळा. वाळवलेल्या नागरमोथ्याला काष्ठौषधी आणि अगरबत्तीच्या व्यापारात मागणी असते; परिसरात खरेदीदार असेल तर धुऊन, वाळवून, वरचे केस जाळून देता येतो. पण विक्रीसाठी म्हणून शेतात लव्हाळा राखण्याच्या फंदात पडू नका.

ओल्या जमिनीत पॉवर टिलर किंवा रोटाव्हेटर फिरवणे ही कोकणात सर्रास होणारी चूक आहे. पाती माळा तोडतात आणि कंद शेतभर पेरतात. भाड्याने आणलेले यंत्र तुमच्या शेतात उतरण्यापूर्वी त्याच्या पात्यांत अडकलेली माती बाहेरच काढून घ्या. रोपवाटिकेच्या पिशव्यांतली माती, भरावाची माती आणि न कुजलेले शेणखत यांतूनही कंद येतात. नवीन काजू-आंबा कलमे लावताना पिशवीत लव्हाळा दिसला तर तो कंदासह काढूनच कलम लावा.

तणनाशकांबाबत अपेक्षा माफक ठेवा. पेरणीनंतर लगेच फवारायची पेंडिमिथॅलिनसारखी तणनाशके कंदातून येणाऱ्या लव्हाळ्यावर उपयोगी पडत नाहीत. उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के हे लव्हाळ्यासाठी शिफारशीत आहे: एकरी 36 ग्रॅम, लव्हाळा 3 ते 5 पानांवर असताना, जमिनीत ओल असताना. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आठव्या दिवशी "औषध खोटे" म्हणून पुन्हा फवारू नका. लेबलवर ज्या पिकाचे नाव नाही, त्यात ते वापरू नका; हळद-आल्यात तर नाहीच. ग्लायफोसेटचे लेबल आपल्या देशात चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागा यांपुरते आहे, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने ते पेस्ट कंट्रोल व्यावसायिकांमार्फतच वापरण्याची अधिसूचना काढली. सध्याचा नियम काय आहे, हे खरेदीपूर्वी कृषी सहायकाला विचारून घ्या.

माकडांचे नियोजन

येथे पहिला फरक कायद्याचा. लव्हाळा तुमच्या जमिनीत आहे आणि त्याचे काय करायचे हे तुम्ही ठरवू शकता. माकडाचे तसे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली सुधारणा झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. तिच्यात बॉनेट मकाक पहिल्या अनुसूचीत आहे, तर ऱ्हीसस मकाकला अनुसूचीतून वगळले आहे. परवानगीशिवाय बॉनेट मकाकला मारणे, विष घालणे, फास लावणे किंवा स्वतः पकडून दुसरीकडे सोडणे हा गुन्हा आहे. कुंपणात घरगुती वीज सोडणे तर माणसाच्या जिवावर बेतते. या जातीची जंगलातली संख्या घटत असल्याने आंतरराष्ट्रीय यादीतही ती "असुरक्षित" गटात आहे. बागेत रोज चाळीस माकडे पाहणाऱ्याला हे पटणार नाही, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण माकडे जंगलाकडून वस्तीकडे सरकली, हेच या दोन्ही गोष्टींमागचे एक कारण आहे.

दुसरा फरक व्याप्तीचा. लव्हाळा एकट्याने आटोक्यात आणता येतो. माकड एकट्याने हाकलले तर ते फक्त शेजाऱ्याकडे जाते आणि तासाभराने परत येते. म्हणून राखण वाडीने मिळून करावी. कळप पहाटे झोपेच्या झाडांवरून उतरून पहिली फेरी सकाळी आणि दुसरी बहुधा दुपारनंतर मारतो. दिवसभर एक म्हातारा माणूस बसवण्यापेक्षा या दोन वेळा चार घरांनी वाटून घेणे जास्त उपयोगी ठरते. कळप शेतात शिरायच्या आत, कडेच्या झाडांवर असतानाच हाकला. एकदा गालात दाणा गेला की फेरी यशस्वी झाली, असेच त्याच्या लेखी असते.

फटाके, गॅसची तोफ, बुजगावणे, वाघाचे चित्र यांचा परिणाम काही दिवस टिकतो. आवाज रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून आला आणि पुढे काहीच झाले नाही, की माकड बसून राहते. साधन वापरायचेच तर जागा आणि वेळ बदलत राहा आणि त्यासोबत माणूस व कुत्रा प्रत्यक्ष पुढे जाऊ द्या. गोफणीने जखमी करू नका. जखमी माकड अंगावर येते आणि कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. वानराला बांधून माकडांना घाबरवणे हाही गुन्हाच, कारण वानरही संरक्षित आहे.

सौर कुंपण रानडुकरांना चांगले अडवते. माकड मात्र फांदीवरून उडी मारून आत येते. कुंपणालगतच्या फांद्या छाटून मोकळी पट्टी ठेवलीत तरच थोडाफार उपयोग होतो. परसबागेच्या एक-दोन गुंठ्यांसाठी वरूनही बंद असलेला जाळीचा पिंजरा हा खर्चिक, पण खात्रीचा उपाय आहे. नारळाच्या खोडाला पत्रा ठोकल्याने उंदीर अडतात. माकडे शेजारच्या झाडाच्या झावळ्यांवरून येतात, म्हणून एकट्या उभ्या असलेल्या झाडालाच तो लावण्यात अर्थ आहे.

पकडून लांब सोडणे आणि नसबंदी या मागण्या सतत होतात. मोकळ्या झालेल्या जागी शेजारचा कळप येतो, आणि सोडलेली माकडे नव्या गावाला त्रास देतात. तुटलेल्या माळेतल्या कंदांची गोष्ट आठवा. नसबंदी शास्त्रीय असली तरी माकड वीस वर्षांच्या आसपास जगू शकते, त्यामुळे नसबंदी झालेला कळपही अनेक वर्षे खात राहतो. हिमाचल प्रदेशात 2007 च्या सुमारापासून ऱ्हीसस माकडांवर हा कार्यक्रम चालू आहे आणि लाखाहून अधिक नसबंदी होऊनही तेथील शेतकऱ्यांची तक्रार संपलेली नाही. खाऊ घालणे आणि उघडा कचरा बंद करणे हे काम मात्र ग्रामपंचायत उद्यापासून करू शकते.

नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत खाल्लेली फळे, मोडलेली रोपे हलवू नका. सातबारा, तारीख दिसणारे फोटो आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा. वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शिवारफेरीत दोन्ही उपद्रवांची नोंद एकाच नकाशावर घ्या. लव्हाळ्यासाठी प्रत्येक तुकड्यात चार-पाच ठिकाणी एक फूट चौरस, 15 सेंटिमीटर खोल माती काढून जिवंत कंद मोजा; वरचे हिरवे रोप मोजून अंदाज चुकतो. तीच मोजणी पुढच्या वर्षी त्याच जागी करा. माकडांसाठी कळपांची संख्या, झोपेची झाडे, येण्याची वाट आणि वेळ, खाऊ मिळणाऱ्या जागा टिपा. पडीक खाचरे त्याच नकाशावर रंगवली की पुढच्या हंगामात ताग-धैंचा कोठे पेरायचा आणि सामूहिक राखण कोठून सुरू करायची, हे ग्रामसभेत बोट ठेवून दाखवता येते.

सिंधुदुर्गातील वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. दोडामार्ग-सावंतवाडी भागात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडांमार्फत पसरतो आणि डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे काजूच्या हंगामातच, धोका जास्त असतो. बागेत किंवा रानात माकड मेलेले दिसले तर हात लावू नका, पुरू नका, त्या जागी काजू वेचायलाही जाऊ नका. वन कर्मचारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवा, अंगावर गोचीड तपासा, आणि अचानक तीव्र ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा.